हप्ता मालकाचा, नोटीस भाडेकरूच्या दारावर: मोशीतील एका तारण घराचे प्रकरण

गृहकर्ज थकल्यामुळे बँकेने ताब्याची कारवाई सुरू केलेल्या एका सदनिकेचे हे प्रकरण आहे. सदनिका एक असली तरी तिच्यात दोन कुटुंबे अडकली होती. एक कर्जदार मालकाचे, जे त्या घरात राहत नव्हते, आणि दुसरे भाडेकरूचे, जे राहत होते पण ज्यांचा कर्जाशी काडीचाही संबंध नव्हता. प्रकरण प्रातिनिधिक आहे. त्यातील माणसे आणि रकमा कोणा एका कुटुंबाच्या नाहीत, मात्र कायद्याच्या मुदती, रिझर्व्ह बँकेचे नियम आणि न्यायालयांचे निर्णय प्रत्यक्षातले आहेत. या कारवाईत कर्जदाराच्या हातात सर्वाधिक पर्याय असतात ते कागद अगदी साधे दिसत असताना, आणि दारावर नोटीस चिकटते तोवर त्यांतले बरेचसे निघून गेलेले असतात. पुढील सर्व मांडणी हा क्रम दाखवण्यासाठीच केली आहे.

घर, कर्ज आणि करार

मालक चाकण परिसरातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात पर्यवेक्षक होता. २०१८ साली त्याने पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीतील मोशी येथे ४६ लाख रुपयांना दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर असलेली सदनिका घेतली. त्यासाठी एका राष्ट्रीयीकृत बँकेकडून ३४ लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने काढले आणि त्यात पत्नीला सह-कर्जदार केले. सुरुवातीचा व्याजदर साडेआठ टक्के होता आणि हप्ता सुमारे २९,५०० रुपये बसला. २०२० च्या टाळेबंदीत बँकेने देऊ केलेली सहा महिन्यांची हप्तेस्थगिती त्यांनी घेतली. त्या काळातले व्याज मुद्दलात मिळाले. पुढे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला, तेव्हा बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली. मुदत वाढल्याचे पत्र आले होते, पण खिशातून जाणारी रक्कम बदलली नसल्याने ते कोणी फारसे वाचले नाही. पाच वर्षे नियमित हप्ते भरूनही मुद्दल ३१ लाखांच्या आसपासच राहिले, याचे कारण या दोन गोष्टींत आहे.

जुलै २०२३ मध्ये कारखान्यातील एक विभाग बंद झाला आणि नोकरी गेली. मालकाने कुटुंबासह चिंचवडला थोरल्या भावाकडे मुक्काम हलवला आणि १ सप्टेंबर २०२३ पासून सदनिका चोवीस महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिली. भाडे महिना १७,००० रुपये आणि अनामत ६०,००० रुपये ठरली. कराराची रीतसर नोंदणी झाली, पण बँकेची परवानगी कोणी मागितली नाही. कर्जाच्या करारपत्रात तारण मालमत्ता भाड्याने देण्यापूर्वी बँकेची लेखी संमती घेण्याची अट बहुधा असतेच, आणि कर्ज घेताना जिथे जिथे फुली मारून ठेवलेली असते तिथे सह्या करणाऱ्या बहुतेकांना तिची कल्पना नसते.

भाडेकरू कुटुंब तिघांचे होते. पत्नी एका खाजगी रुग्णालयात परिचारिका, पती मालवाहतूक कंपनीत आणि मुलगी सातवीत. घर गहाण आहे का, हे त्यांनी विचारले नाही. दलालाने सांगितलेही नाही.

नव्वद दिवसांचा हिशेब

ऑगस्ट ते ऑक्टोबरचे हप्ते शिल्लक पैशांतून आणि भाड्यातून भरले गेले. ५ नोव्हेंबर २०२३ चा हप्ता पहिल्यांदा चुकला, त्यानंतर डिसेंबरचा आणि जानेवारीचा. रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीनुसार देय रक्कम नव्वद दिवसांहून अधिक थकली की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरते. त्याआधीचे तीस-तीस दिवसांचे टप्पे बँका स्वतंत्रपणे नोंदवत असतात आणि या टप्प्यांत शाखेतून येणारे फोन बरेचसे सौम्य असतात. या खात्याच्या बाबतीत ती तारीख ३ फेब्रुवारी २०२४ होती.

प्रकरणातील सर्वांत महागात पडलेली घटना या तारखेच्या आसपास घडली आणि तिच्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पत्नीने लग्नातल्या पाटल्या सोनेतारणात ठेवून साठ हजार रुपये उभे केले आणि १२ फेब्रुवारीला कर्जखात्यात भरले. दोन हप्ते भरले, म्हणजे आता बँक थोडे थांबेल, असा घरातल्या सगळ्यांचा समज झाला. प्रत्यक्षात खाते नऊ दिवसांपूर्वीच एनपीए झाले होते. रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की, एकदा एनपीए झालेले खाते मुद्दल व व्याजाची संपूर्ण थकबाकी भरल्याशिवाय पुन्हा नियमित धरता येत नाही. १२ फेब्रुवारीला चार हप्ते, म्हणजे दंडाची रक्कम सोडूनही सुमारे १,१८,००० रुपये थकीत होते. साठ हजारांनी थकबाकी कमी झाली, पण खात्याचा दर्जा बदलला नाही.

हेच साठ हजार २ फेब्रुवारीला भरले असते तर चित्र वेगळे असते. बँकेत येणारी रक्कम आधी सर्वांत जुन्या देय हप्त्यात जमा होते. नोव्हेंबर आणि डिसेंबरचे हप्ते फिटून सर्वांत जुनी थकबाकी ५ जानेवारीची उरली असती, म्हणजे जेमतेम २८ दिवसांची, आणि कुटुंबाला दोन महिने मोकळे मिळाले असते. पाटल्या त्याच, रक्कमही तीच. फरक दहा दिवसांचा. नव्वद दिवसांची ही तारीख बँकेच्या संगणकाला पक्की ठाऊक असते, कर्जदाराला मात्र ती कोणी आवर्जून सांगत नाही. ती त्यालाच शाखेत जाऊन विचारावी लागते, आणि हप्ता थकलेला माणूस शाखेची पायरी चढायलाच लाजतो. या प्रकरणात मालकाने डिसेंबरपासून बँकेचे फोन घेणे बंद केले होते. भावाला तो ‘हप्ते चालू आहेत’ असेच सांगत असे.

हप्त्याची पुनर्रचना, काही महिन्यांची सवलत किंवा मुदतवाढ मागायची तर ती खाते नियमित असताना. एनपीए झाल्यानंतर शाखा व्यवस्थापकाच्या हातात फारसे उरत नाही आणि प्रकरण वसुली विभागाकडे जाते.

जोड्यांच्या कपाटावरचा लिफाफा

१ मार्च २०२४ रोजी बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याने सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १३(२) खाली मागणी नोटीस काढली. या कायद्याने बँकेला दिवाणी न्यायालयात न जाता तारण मालमत्तेवर कारवाई करण्याचा अधिकार दिला आहे. राष्ट्रीयीकृत बँका आणि गृहवित्त कंपन्यांप्रमाणेच सहकारी बँकांनाही तो लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात निश्चित केले. नोटिशीत सुमारे ३१,९०,००० रुपयांची मागणी होती आणि नोटिशीच्या तारखेपासून साठ दिवसांची मुदत होती. मागणी थकलेल्या हप्त्यांची नव्हती, संपूर्ण कर्जाची होती, ही गोष्ट पहिल्यांदा नोटीस वाचणाऱ्याला हादरवून सोडते.

पण ती वाचलीच गेली नाही. बँकेकडे पत्ता मोशीचा होता. पोस्टमनने नोंदणीकृत डाक आणली तेव्हा दारात भाडेकरूची मुलगी होती आणि सही तिच्या वडिलांनी केली. मालकाच्या नावाचा लिफाफा दारामागच्या जोड्यांच्या कपाटावर विजेचे बिल आणि केबलवाल्याच्या पावतीखाली तीन आठवडे पडून राहिला. मालक मार्चच्या अखेरीस भाडे घ्यायला आला तेव्हा तो त्याच्या हाती पडला. साठातले जवळपास तीस दिवस असेच गेले.

उरलेल्या तीस दिवसांतही बरेच करता येण्यासारखे होते. कलम १३(३क) नुसार कर्जदाराला नोटिशीवर लेखी म्हणणे मांडता येते आणि ते मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बँकेला, म्हणणे अमान्य असल्यास, कारणांसह उत्तर द्यावे लागते. या उत्तरावरून लगेच न्यायाधिकरणात जाता येत नाही हे खरे, परंतु हिशेबातील हरकत, दंडाच्या आकारणीविषयीचा प्रश्न, हप्ते पुन्हा सुरू करण्याची तयारी आणि सध्याचा पत्ता या चार गोष्टी तरी नोंदीवर येतात. मालकाने उत्तर दिले नाही. त्याचे स्पष्टीकरण साधे होते: पैसे द्यायचे आहेत हे खरेच आहे, मग लिहायचे काय? अनेक प्रामाणिक कर्जदार याच विचाराने गप्प बसतात, आणि माझ्या मते हीच त्यांची खरी हानी करणारी गोष्ट आहे. कर्ज कबूल असणे आणि वसुलीच्या पद्धतीविषयी बोलणे यांत विरोध नाही.

दारावरचा कागद

३० एप्रिलला मुदत संपली. १६ मे २०२४ रोजी बँकेचे दोन कर्मचारी आले आणि सदनिकेच्या बाहेरील दरवाजावर ताबा नोटीस चिकटवून, तिचे छायाचित्र काढून निघून गेले. नियमाप्रमाणे तीच नोटीस सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एक मराठी, प्रसिद्ध झाली. हा प्रतीकात्मक ताबा होता. घरातल्या माणसांना कोणी बाहेर काढले नाही आणि कुलूपही बदलले नाही, परंतु कलम १३(४) खालची कारवाई सुरू झाल्याची ती अधिकृत खूण होती.

परिचारिका रात्रपाळी करून सकाळी परतली तेव्हा शेजारच्या आजी तो कागद चष्मा लावून वाचत होत्या. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दुपारपर्यंत छायाचित्र फिरले. संध्याकाळी फोनवर तिने मालकाला एकच प्रश्न विचारला, “दादा, आम्ही पाच तारखेचं भाडं एकदाही चुकवलं नाही, मग ते पैसे गेले कुठे?” सतरा हजारांतून साडेएकोणतीस हजारांचा हप्ता भरला जात नाही, हे उत्तर खरे असले तरी त्या क्षणी ते देणे मालकाला जमले नाही.

याच आठवड्यात मालकाच्या भावाला सगळे कळले आणि प्रकरणाला वळण लागले ते त्याच्यामुळे नव्हे, वकिलामुळे नव्हे, तर मालकाच्या पत्नीमुळे. आपण सह-कर्जदार आहोत, म्हणजे थकबाकी आपल्याही नावावर आहे आणि आपलाही पतदर्जा घसरला आहे, हे तिच्या प्रथमच लक्षात आले. तिने मुलाच्या जुन्या वहीत तीन आकडे मांडले: घराची आजची किंमत, बँकेचे येणे आणि महिन्याला वाढणारे व्याज. परिसरातील तशाच सदनिका ५० ते ५२ लाखांना जात होत्या. बँकेचे येणे ३३ लाखांच्या घरात होते. व्याज महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास चढत होते. घर वाचवता येण्याची वेळ गेली होती, कारण नव्या नोकरीत पगार २६,००० रुपये होता. पण घरात अडकलेले त्यांचे स्वतःचे सतरा-अठरा लाख वाचवता येण्यासारखे होते.

दोन वाटा सुचवल्या गेल्या आणि सोडल्या गेल्या. पहिली ‘स्टे’ आणण्याची. कलम १७ नुसार १३(४) च्या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, येथे ती मुदत ३० जूनपर्यंत होती. नोटीस चुकीची असेल, थकबाकीचा आकडा खोटा असेल, तारणाची सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीकडे नोंदणीच झालेली नसेल किंवा मुदती पाळल्या गेल्या नसतील तर हा अर्ज खरोखर परिणामकारक ठरतो. इथे कागदपत्रे चोख होती. अशा वेळी स्थगिती मिळाली तरी ती बहुधा काही लाख रुपये भरण्याच्या अटीवर मिळते, आणि तोवर व्याज थांबत नाही. पिंपरीतील एका ओळखीच्या वकिलांनी हे स्पष्ट सांगून फी नाकारली. ‘स्टे आणून देतो, बँक दोन वर्षे हात लावणार नाही’ असे सांगणारे दुसरेही भेटले होते.

दुसरी वाट एकरकमी तडजोडीची. तडजोडीत बँक काही रक्कम सोडते असे सर्वांनी ऐकलेले असते, परंतु बँक केव्हा सोडते हे पाहावे लागते. तारणाची किंमत येण्यापेक्षा कमी असेल, वाद लांबणार असेल तर तिला त्यात फायदा असतो. येथे ३३ लाखांच्या येण्यासमोर ५० लाखांचे घर उभे होते. बँकेने मुद्दलातला रुपया सोडण्याचे काही कारण नव्हते. शिवाय तडजोडीने मिटलेले खाते पतअहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसते, पूर्ण फेडलेले ‘क्लोज्ड’ म्हणून, आणि पुढे कर्ज मागताना हा फरक जाणवतो.

उरली ती तिसरी वाट: लिलावाआधी घर स्वतः विकणे.

भाडेकरूची बाजू

विक्रीकडे वळण्यापूर्वी घरात राहणाऱ्या कुटुंबाची स्थिती पाहिली पाहिजे, कारण मालकाने जे चोवीस महिन्यांचे वचन दिले होते ते पाळणे आता त्याच्या हातात नव्हते. भाडेकरूचा समज असा होता की करार नोंदणीकृत आहे, बँकेच्या नोटिशीच्या आधीचा आहे, म्हणजे ऑगस्ट २०२५ पर्यंत त्यांना कोणी हलवू शकत नाही.

तो समज चुकीचा होता, आणि चूक कुठे आहे हे नीट समजून घेण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हर्षद गोवर्धन सोंडागर प्रकरणात आणि २०१६ मध्ये विशाल कलसारिया प्रकरणात भाडेकरूंच्या बाजूने महत्त्वाचे निर्णय दिले. दुसऱ्या निर्णयाने महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखालच्या संरक्षित भाडेकरूला सरफेसीच्या आधारे सरसकट बाहेर काढता येत नाही असे सांगितले. २०१९ च्या बजरंग श्यामसुंदर अग्रवाल प्रकरणात या संरक्षणाच्या मर्यादा आखल्या गेल्या: तोंडी किंवा नोंदणी नसलेल्या भाडेकराराच्या जोरावर दीर्घकाळ ताबा टिकवता येत नाही. २०१६ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १७(४क) मुळे भाडेकरूलाही आपला हक्क न्यायाधिकरणापुढे मांडता येतो. परंतु हे सारे ‘भाडेपट्टा’ असलेल्यांसाठी आहे. दक्षिण मुंबईतील जुन्या चाळीतला भाडेकरू आणि मोशीतील लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा, दोघे बोलीभाषेत भाडेकरूच असले तरी कायद्याने दुसऱ्याला केवळ राहण्याची परवानगी असते, मालमत्तेत हितसंबंध नसतो. भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ नुसार तर परवानगी देणाऱ्याने मालमत्ता हस्तांतरित केली की नवा मालक त्या परवानगीने बांधला जात नाही.

अनामतीचेही तसेच. साठ हजार रुपये मालकाकडे दिलेले होते, ते बँकेकडे किंवा लिलावात घर घेणाऱ्याकडे मागता येत नाहीत. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत त्याच्याकडून अनामत परत मिळण्याची आशा किती धरायची, हे परिचारिकेने नेमके ओळखले. तिने भाडे थांबवण्याची धमकी दिली नाही. जूनमध्ये तिने मालक व त्याच्या पत्नीला घरी बोलावून तीन गोष्टी लेखी मागितल्या: बँकेकडून येणारा प्रत्येक कागद त्याच दिवशी एकमेकांना दाखवायचा, विक्री ठरल्यास घर दाखवायला भाडेकरूंनी सहकार्य करायचे, मात्र मुलीची आठवीची वार्षिक परीक्षा होईपर्यंत राहू देण्याची अट ग्राहकापुढे मांडायची, आणि ते न जमल्यास अनामत शेवटच्या महिन्यांच्या भाड्यात वळती करायची. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर हे लिहिले गेले. बँकेवर तो कागद बंधनकारक नव्हता, पण दोन्ही घरांतला संशय त्याने कमी केला, आणि पुढे घर बघायला आलेल्या लोकांना दार उघडणारे कोणीतरी होते. रिकाम्या किंवा भांडणातल्या घराला ग्राहक मिळणे किती कठीण असते हे दलालांना विचारावे.

या काळात वसुली प्रतिनिधींचे फोन मालकाच्या भावाला आणि नव्या नोकरीच्या ठिकाणीही जाऊ लागले होते. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन न करण्याविषयी, तसेच नातेवाइकांना त्रास न देण्याविषयी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. मालकाने बँकेच्या तक्रार विभागाला तारखा व वेळांसह पत्र दिले. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याचा मार्ग होता, पण तशी वेळ आली नाही. फोन थांबले.

विक्री

नोटीस मिळाल्यानंतर कर्जदाराला बँकेच्या लेखी संमतीवाचून तारण मालमत्ता विकता येत नाही, असे कलम १३(१३) सांगते. म्हणून मालकाने प्रथम प्राधिकृत अधिकाऱ्याला पत्र दिले: घर विकून पूर्ण येणे फेडायचे आहे, ग्राहकाची रक्कम थेट कर्जखात्यात जमा होईल, संमती द्यावी. वसुली विभागाची अशा पत्राला सहसा हरकत नसते, कारण लिलावाचा खर्च आणि दगदग त्यांनाही नको असते. मात्र तोंडी ‘चालेल’ पुरेसे नव्हते, आणि लेखी संमती येण्यास ऑगस्ट उजाडला.

दुसरीकडे बँक थांबली नव्हती. जूनअखेर तिने कलम १४ खाली प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता. कायद्यात यासाठी तीस दिवस, आणि कारण नोंदवून एकूण साठ दिवसांपर्यंतची मुदत आहे. प्रत्यक्षात आदेश सप्टेंबरच्या अखेरीस निघाला. त्यानंतर २० नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीच्या कामात महसूल कर्मचारी आणि पोलीस दोन्ही गुंतले. त्यामुळे तहसील कार्यालयाने पोलीस बंदोबस्तासह ताबा घेण्याची तारीख १८ डिसेंबर २०२४ दिली. कुटुंबाला मिळालेला हा अवधी निव्वळ योगायोगाचा होता, त्यावर कोणी योजना आखू नये.

खरी मर्यादा मात्र ताब्याची नव्हती, लिलावाच्या जाहिरातीची होती. पूर्वी प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत कर्जदाराला सर्व येणे भरून घर सोडवता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) मधला हा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन जाऊ, असे समजणाऱ्यांची इथे फसगत होते. बँकेच्या मूल्यांककाने घर पाहून झाले होते, आणि राखीव किंमत ४२ लाखांच्या आसपास राहील असे अधिकाऱ्याच्या बोलण्यातून कळले. लिलावात घर ‘जसे आहे, जिथे आहे’ तत्त्वावर जाते, सोसायटीची थकबाकी आणि आत राहणाऱ्यांचा प्रश्न घेणाऱ्याच्या माथी येऊ शकतो, म्हणून बोली बाजारभावाच्या बरीच खाली राहते. ४३ लाखांना गेले असते तर बँकेचे येणे व खर्च वजा जाता सात लाखांच्या आसपास रक्कम कलम १३(७) नुसार मालकाला परत मिळाली असती.

ऑक्टोबरमध्ये ग्राहक मिळाला, भोसरीतील जुने घर विकून मोठे घर शोधणारे एक कुटुंब. सौदा ५१ लाखांना ठरला. त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीतच राहायला यायचे होते, त्यामुळे भाडेकरूच्या अटीला त्यांनी हरकत घेतली नाही. २९ नोव्हेंबरला साठेखताची नोंदणी झाली आणि पाच लाखांची पहिली रक्कम मालकाच्या हातात न देता कर्जखात्यात भरली गेली. साठेखताची प्रत आणि पावती पाहून बँकेने १८ डिसेंबरची ताबा कारवाई ३१ डिसेंबरपर्यंत पुढे ढकलण्याचे पत्र तहसील कार्यालयाला दिले. दंडाच्या आकारणीवर मालकाच्या पत्नीने हरकत घेतली होती. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दंड हा वाढीव व्याजदराच्या रूपात आकारता येत नाही आणि दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढवता येत नाही. जुन्या कर्जांनाही हे ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचे होते. खातेउताऱ्यातील त्या ओळी तिने पेन्सिलीने अधोरेखित करून नेल्या. बँकेने सुमारे ४५,००० रुपये कमी केले आणि अंतिम येणे ३४,२५,००० रुपयांवर आले.

२४ डिसेंबरला दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत झाले. विक्री ५० लाखांच्या वर असल्याने ग्राहकाने एक टक्का, म्हणजे ५१,००० रुपये, उद्गम कर (टीडीएस) कापला. हिशेबात हा आकडा आधी धरलेला नसेल तर ऐन वेळी कर्जखाते तेवढ्याने अपुरे पडते. येथे तो धरला होता. सोसायटीची ७४,००० रुपयांची थकबाकी, दलालाचे ५१,०००, पाटल्या सोडवण्याचे ६६,००० आणि नव्या मालकाकडे वर्ग केलेली भाडेकरूची साठ हजारांची अनामत वजा जाता मालकाच्या हाती पावणेचौदा लाखांच्या जवळपास रक्कम उरली. भांडवली नफ्यावर कर बसला नाही, कारण २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांसाठी महागाई निर्देशांक लावून कर काढण्याचा पर्याय खुला ठेवलेला आहे आणि तो लावल्यावर ४६ लाखांची मूळ किंमत ५९ लाखांच्या पुढे जाते. कापलेला कर विवरणपत्र भरल्यावर परत आला.

कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत न दिल्यास बँकेला दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. त्याची आठवण करून द्यावी लागली नाही. कागदपत्रे जानेवारीच्या मध्यावर मिळाली. सरसाईकडील तारणाची नोंद बंद झाल्याचा पुरावा मात्र नव्या मालकाने मागून घेतला, आणि कलम १४ चा अर्ज मागे घेतल्याच्या पत्राची प्रतही.

परिचारिकेचे कुटुंब नव्या मालकाशी केलेल्या करारावर एप्रिलअखेरपर्यंत तिथेच राहिले. मे २०२५ साठी घर शोधताना तिने प्रत्येक मालकाकडे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश-उतारा, मागितला, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गहाणाची नोंद तपासली आणि थोडे शुल्क भरून सरसाईचा शोध घेतला. कर्ज असण्याला तिची हरकत नव्हती, बहुतेक घरांवर ते असतेच. तिला हप्ते चालू असल्याचा अलीकडचा खातेउतारा आणि बँकेची भाड्याने देण्याची संमती हवी होती. पहिल्या घराच्या मालकाला हा आगाऊपणा वाटला आणि त्याने दुसरा भाडेकरू पाहिला. चिखलीतील दुसऱ्या घराच्या मालकाने चार दिवसांत दोन्ही कागद आणून दिले, आणि करार तिथे झाला.